आक्काला दिलेलं औषध

सर्जननी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिव्हरचं चित्र काढलं. एकीकडं मोठा भाग, दुसरीकडं लहान, मधे एक वाकडी रेघ. मोठ्या भागात त्यांनी पेनानं काही ठिपके गिरवले आणि म्हणाले, "ठिपक्यांसकट हा एवढा भाग काढून टाकायचा. उरलेलं लिव्हर दोन-अडीच महिन्यांत वाढतं आणि सगळं काम सांभाळतं."

माझी थोरली बहीण खुर्चीत पुढं सरकून ते चित्र बघत होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. नेसरीजवळच्या एका गावात ती दिलेली. चार म्हशी, डेअरीला दूध, आणि थोडं शेत.

"कापलं की परत फुटतंय?" तिनं विचारलं. "हत्तीगवतासारखं?"

सर्जनही खेड्यातलेच असावेत. ते मनापासून हसले. "तसंच समजा. फक्त बुडखा चांगला पाहिजे."

"बुडखा चांगलाच हाय माझा. उभ्या जन्मात दारूचा थेंब न्हाय प्यालो मी. ह्याला इचारा की." तिनं माझ्याकडं बोट केलं.

मी मान हलवली. रिक्षातून घरी येताना ती खुशीत होती. मी मात्र तो बुडखा डोक्यात घेऊन घरी आलो. पुढं जे झालं ते सर्जनच्या त्या एका शब्दामुळं झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. ते बोलले ते बरोबरच बोलले होते. पुढचं सगळं मी केलं.

त्याच्या आधीचं थोडं सांगितलं पाहिजे. आक्का वर्षभर थकत चालली होती. म्हशीखालून उठताना गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहायची. चेहरा पांढरा पडला होता. मी तिला कोल्हापूरला आणलं, तपासण्या झाल्या, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तो लिव्हरमध्येही गेलेला होता. मला वाटलं, संपलं. सर्जन म्हणाले, तसं नाही. लिव्हरमधल्या गाठी थोड्या आहेत आणि एकाच बाजूला आहेत. आधी आतड्याचा तुकडा काढू, मग केमो देऊ, गाठी लहान झाल्या की लिव्हरचं ऑपरेशन करू. सगळं नीट जमून आलं तर आक्का जगू शकते. त्यांनी 'बरी होईल' असं म्हटलं नाही. 'संधी आहे' म्हणाले. आमच्या घरात त्या दिवसापासून त्या संधीशिवाय दुसरा विषय नव्हता.

आतड्याचं ऑपरेशन चांगलं झालं. केमोसाठी आक्का माझ्याच घरी राहिली. माझी बायको पुण्याची. आक्का 'मी आलो', 'मी जेवलो' असं बोलायची, कोल्हापूरकडच्या बाया बोलतात तसं, आणि लग्न झाल्यावर कितीतरी दिवस बायकोला त्याचं हसू यायचं. केमोच्या त्या महिन्यांत दोघी मैत्रिणी झाल्या. आक्काला गार काही सोसत नव्हतं. नळाचं पाणी लागलं तरी बोटांत मुंग्या यायच्या, टोचल्यासारखं व्हायचं. स्टीलचा पेला ती पदरात धरून उचलायची. "म्हशीला हात लावला तर म्हसच लाथ मारंल," म्हणायची, "म्हणंल, ही कोण सुया घिऊन आली?"

दाजी, म्हणजे तिचे मालक, दर आठवड्याला एसटीनं यायचे. बरोबर दुधाची किटली आणायचे आणि आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे. आक्का त्यांना म्हशींचं विचारायची. ते एकेक म्हशीचं सांगायचे. झालं की दाजी मला म्हणायचे, "पावणं, तुमी हाईसा म्हणून." एवढंच म्हणायचे आणि एसटीला जायचे.

केमो संपल्यावर स्कॅन झाला. गाठी आकसल्या होत्या. त्याच दिवशी सर्जननी ते चित्र काढलं. केमोचा ताण उतरायला लिव्हरला थोडे आठवडे द्यायचे, मग ऑपरेशन. तोवर आक्कानं गावी जावं, चांगलं खावं, ताकद आणावी. उठताना त्यांनी बजावलं, "कसलंही बाहेरचं औषध घ्यायचं नाही. आयुर्वेदिक नाही, गावठी नाही, काढे नाहीत."

"न्हाय न्हाय," आक्का म्हणाली.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. डिप्लोमा झालेला माणूस. हे मी स्वतःची सुटका करून घ्यायला सांगत नाही, उलट अडकवून घ्यायला सांगतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या एका जुन्या सुपरवायझरला आक्काचं सांगत होतो. लिव्हरचं ऑपरेशन आहे, उरलेलं लिव्हर चांगलं पाहिजे, केमोनं त्यावर चरबी धरलीय असं रिपोर्टात आलंय, असं सगळं. तो म्हणाला, "साहेब, लिव्हरला एकच औषध. माझा पोरगा काविळीनं गेल्यातच जमा हुता. त्या म्हाताऱ्यानं उठवला."

नेसरीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात एक म्हातारा काविळीचं औषध द्यायचा. असे लोक आमच्या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या घराण्यात ते चालत आलेलं असतं. कुठली मुळी ते सांगत नाहीत आणि पैसा घेत नाहीत. मला ते सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. लहानपणी माझे डोळे पिवळे झाले तेव्हा मीही असलंच औषध ताकातून प्यालो होतो आणि बरा झालो होतो. आमच्याकडं डॉक्टर काहीही म्हणोत, काविळीला औषध हेच. यात शिकलेला-अडाणी असा फरक नाही.

शनिवारी संध्याकाळी मी आक्काच्या गावी गेलो. जेवताना विषय काढला.

आक्का म्हणाली, "मला कुठं कावीळ झालीया?"

"कावीळ नाही गं. लिव्हर धुऊन निघतं त्यानं. ऑपरेशनला बरं पडेल."

"डॉक्टर न्हाय म्हणल्यात की रं. तुझ्याम्होरंच म्हणल्यात."

"डॉक्टर तसं म्हणणारच. त्यांना म्हणावंच लागतं."

दाजी भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत होते. मी बोलतोय म्हणजे विचार करूनच बोलत असणार, असं त्यांच्या तोंडावर होतं. "पावणं म्हणत्यात तर जा की," ते म्हणाले. "झाडाची मुळी ती. काय विख हाय व्हय?"

आक्का म्हणाली, "तुझ्या जिवाला बरं वाटणार असलं तर पितो बाबा. तू रात्रंदिस झुरायला लागलाईस." ती ते माझ्यासाठी प्यायला तयार झाली. हे मी तेव्हाही ऐकलं होतं.

रविवारी सकाळी दाजींच्या मोटारसायकलवर मी आणि आक्का गेलो. औषध अनशापोटी घ्यायचं असतं, म्हणून लवकर निघालो. म्हाताऱ्याच्या अंगणात आधीच माणसं बसली होती. दोन आया पिवळी पडलेली पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बेळगावकडनं आलेलं एक कुटुंब आपापसात कानडीत बोलत होतं. म्हातारा ओसरीवर बसून एकेकाला जवळ बोलवायचा, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचा, नख दाबून बघायचा. शांत माणूस. मी ढोंगी, लुच्चा माणूस बघायच्या तयारीनं गेलो असतो तरी मला तो तसा दिसला नसता.

आमच्या पुढं एक माणूस होता. त्यानं फाईल आणली होती. म्हाताऱ्यानं फाईल हातातही घेतली नाही. "काय सांगितलंय दवाखान्यात?"

"लिव्हरला गाठ हाय म्हणत्यात."

"गाठीचं माझ्याकडं न्हाय," म्हातारा म्हणाला. "मी कावीळ उतरवतो. गाठीला दवाखान्यातच जावा. हितं दीस घालवू नका."

तो माणूस बरंच काही बोलला, हात जोडले. म्हातारा फक्त मान हलवत राहिला. शेवटी तो फाईल काखेत मारून निघून गेला. तो आमच्या अगदी जवळून गेला. आक्कानं माझ्याकडं बघितलं. आमचीही फाईल माझ्या पिशवीत होती. मी पिशवीचं तोंड दुमडलं.

आमची पाळी आली. म्हाताऱ्यानं आक्काच्या पापण्या ओढून बघितल्या. "डोळं पांढरं हाईत. कावीळ कुठं हाय हिला?"

मी म्हणालो, "आता उतरलीय. होती. लिव्हर खराब झालंय म्हणून सांगितलंय."

"गाठबीठ न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

चारचौघांत भावाला खोटा पाडायचा आक्काचा स्वभाव नव्हता. म्हाताऱ्यानं आत जाऊन वाटलेली मुळी ताकात कालवून आणली आणि एका पेल्यात दिली. तिनं ते ताक डोळे मिटून पिऊन टाकलं. पुढच्या दिवसांसाठी पुड्या दिल्या. मीठ, तेल, तिखट बंद. आभार मानायचे नाहीत. जाताना मागं वळून बघायचं नाही. आणि औषध घेतलंय हे डॉक्टरला किंवा आणखी कुणाला सांगायचं नाही, नाहीतर गुण जातो.

त्या दिवशी मी म्हाताऱ्याला फसवलं होतं. सर्जनना फसवायला अजून वेळ होता.

ऑपरेशनसाठी आक्का दाखल झाली. रक्ताचे रिपोर्ट आले आणि संध्याकाळी सर्जन स्वतः वॉर्डात आले. काविळीचा आकडा वाढला होता. लिव्हरचे बाकीचे आकडे त्याहून वाईट होते. असल्या लिव्हरवर सुरी चालवता येणार नाही, उरलेला भाग तग धरणार नाही, असं ते म्हणाले. ऑपरेशन पुढं ढकललं. मग त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही घेतलंय का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

आक्का कॉटवर बसली होती. ती माझ्याकडं बघत राहिली. औषध मी आणलेलं, तेव्हा सांगायचं मीच, असा तिचा सरळ हिशेब असणार.

"नाही," मी म्हणालो.

पुष्कळांनी नंतर मला समजावलं की गुण जाईल म्हणून तू बोलला नाहीस, श्रद्धा होती तुझी. मीही ते धरून बसलो असतो. पण श्रद्धा वगैरे काही नव्हतं. मला लाज वाटली. ते मला माझ्या बरोबरीचा माणूस समजून बोलत होते, रिपोर्टातले शब्द मला समजावून सांगत होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत मुळी वाटून पाजणारा माणूस व्हायचं नव्हतं. फाउंड्रीत कास्टिंग नापास झालं की मी वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्या पोरांना उभं करून विचारतो, वाळूत काय जास्तीचं घातलं ते सांगा. ते 'काही नाही' म्हणतात तेव्हा मला संताप येतो, कारण मग मला सगळीकडं शोधत बसावं लागतं. मी तेच केलं. सर्जन शोधत बसले. सोनोग्राफी झाली, आणखी रक्त गेलं, कुठल्या कुठल्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या, केमोचाच उशिरा झालेला परिणाम असेल का म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं गेलं.

आणि मी त्याहून मोठी चूक केली. डिस्चार्ज घेऊन माझ्या घरी आलेल्या आक्काचे डोळे खरोखर पिवळे दिसायला लागले होते. कावीळ झाली होती. काविळीला माझ्या डोक्यात एकच औषध होतं. मी रविवारी एकटाच त्या म्हाताऱ्याकडं गेलो आणि आणखी पुड्या आणल्या. पेशंट कुठाय, त्यानं विचारलं. मी म्हणालो, उठवत नाही तिला. तो द्यायला तयार नव्हता. मी गयावया केली. त्यानं दिल्या.

हे पुन्हा एकदा लिहितो, कारण लिहितानाही हात मागं येतो. औषधानं आलेल्या काविळीवर मी तेच औषध आणखी दिलं.

बायकोला पुड्यांचा वास आला. स्वयंपाकघरात पेला धुताना तिनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "डॉक्टरांना माहीत आहे?" मी नळ बंद केला. "मग मी सांगते," ती म्हणाली. मी म्हणालो, मी सांगतो, पुढच्या वेळी नक्की सांगतो. पुढच्या वेळेला अजून आठवडा होता. त्या आठवड्यात आक्काला मी आणखी पुड्या दिल्या नाहीत, पण ज्या पोटात गेल्या होत्या त्या गेल्याच होत्या.

ओपीडीत त्या दिवशी गर्दी होती. सर्जन थकलेले होते. फाईल चाळता चाळता त्यांनी परत विचारलं, काहीच घेतलं नाही ना?

आक्का म्हणाली, "सांग की रं. संपीव एकदाचं."

मी सांगितलं. म्हाताऱ्यासकट, दुसऱ्या खेपेसकट सांगितलं. सर्जननी पेन टेबलावर ठेवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलं?"

"चुकलं," मी म्हणालो.

"ते झालं. मला का नाही सांगितलं, ते विचारतोय." मग ते आक्काकडं वळले. "बंद. आजपासून एक थेंबही नाही."

"म्या कवाच बंद केलंय," आक्का म्हणाली. "लई कडू हुतं ओ."

लिव्हर शांत व्हायला पुढं बरेच आठवडे गेले. दाजी तो केमोचाच ताण धरून चालले होते, मी ते तसंच राहू दिलं. त्या काळात केमोही देता येत नव्हती, लिव्हरला ती झेपली नसती. म्हणजे गाठींना मोकळं रान होतं. आम्ही रोज सकाळी तिचे डोळे उजेडात बघायचो. बायको पडदा सरकवायची आणि आक्का खिडकीकडं तोंड करून डोळे मोठे करायची. "काय, पिकला का आंबा?" विचारायची. हळूहळू पिवळेपणा उतरला. पुन्हा स्कॅन झाला. एक गाठ मोठी होऊन मोठ्या शिरेला टेकली होती. दुसऱ्या बाजूला एक ठिपका दिसत होता, तो काय आहे हे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. सर्जन म्हणाले, अजून प्रयत्न करता येईल. पण आधीसारखं सोपं राहिलेलं नाही. आधीचंही सोपं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आक्काला आत नेलं. दाजी, मी आणि बायको बाहेरच्या बाकावर बसलो. संध्याकाळ होईल, असं आम्हाला सांगितलं होतं. दाजींनी म्हशींची सोय शेजाऱ्यांकडं लावून दिली होती, पण त्यांचं लक्ष तिथंही होतं. "पावणं, यिळभर लागंल म्हंजे चांगलंच की," ते म्हणाले. "नीट बघून काढतील."

सर्जन दुपारच्या आधीच बाहेर आले. त्यांनी काही सांगण्याआधीच मला कळलं. एवढ्या लवकर ते काम होत नाही. ते मला बाजूला घेऊन गेले. लिव्हरच्या वरच्या पदरावर दोन्ही बाजूंना बारीक बारीक दाणे होते, स्कॅनमध्ये न दिसणारे. काढायचं म्हटलं तर सगळंच काढावं लागलं असतं. त्यांनी पोट परत शिवलं.

"माझ्यामुळं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "ते दाणे तेव्हाही असतील. नसतीलही. वेळ गेला एवढं खरं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "तुम्हाला हो किंवा नाही यातलं एक पाहिजे. दोन्ही माझ्याकडं नाहीत."

मी अजूनही तिथंच आहे. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी गुन्हेगार झालो असतो. नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. मला दोन्हीतलं काहीच मिळालं नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी आक्का शुद्धीत होती. नाकात नळी, आवाज घोगरा. दाजी चहा प्यायला खाली गेले होते. तिनं मला जवळ बोलावलं.

"काढलं?"

डॉक्टर सांगतील असं मी म्हणू शकलो असतो. बायकोनं तेच म्हण म्हणून सांगितलं होतं. "नाही काढलं," मी म्हणालो. "पसरलंय. शिवलं परत."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "कशानं?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. माझ्या औषधानं वेळ गेला, एवढं खरं."

ती रडली नाही. तिचा हात चादरीवर होता. बोटं अजून केमोनं बधिर होती, म्हणून ती चादर चाचपून बघत होती. "ह्यांना सांगू नको," ती म्हणाली. "त्यास्नी तुझ्याबिगर कोण हाय? मी गेल्यावर तू दारात आलास की त्यांचं त्वांड फिराय नगो."

"आक्का..."

"सांगू नको म्हणलं की. आता मला पाणी दी. गार नको."

तिला आणखी काही महिने मिळाले. ते महिने ती गावी राहिली. मी दर रविवारी जायचो. पहिल्या पहिल्यांदा ती गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि दाजींना सूचना करायची. मग खुर्ची आत, घराच्या सोप्यात आली, मग खाट. शेवटच्या दिवसांत ती सगळी पिवळी झाली होती, नखांपर्यंत. ती एका सकाळी गेली. मी वाटेत होतो.

बाराव्याला अंगणात पुरुष माणसं बसली होती. जेवणं झाली होती. दाजींच्या गल्लीतला एक माणूस आपल्या भावाचं सांगत होता. भावाचे पाय सुजले होते, पोट फुगलं होतं, डोळे पिवळे. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्यायला सांगितलं होतं.

दाजी म्हणाले, "आधी त्या म्हाताऱ्याकडं न्या की. काविळीच्या."

"गुण येतोय का पण?"

"आमच्या पावण्यांनी हिला न्हेलती," दाजी म्हणाले आणि माझ्याकडं हात केला. त्या हातात अभिमान होता. "पावणं शिकल्यालं हाईत. कोल्हापुरात कंपनीत हाईत. उगं न्हेतील व्हय? आमच्या नशिबात न्हवतं, ती गोष्ट येगळी. पर पावण्यांनी काय बी करायचं ठिवलं न्हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तो माणूस मला म्हणाला, "पत्ता सांगा की, पावणं. उद्याच न्हेतो."

मी गप्प राहिलो असतो तर आक्काचा शब्द राहिला असता. दाजींचं तोंड माझ्याकडंच राहिलं असतं. आणि माझ्या नावावर तो माणूस भावाला घेऊन गेला असता, आणि त्याच्यामागून आणखी कुणी.

मी म्हणालो, "नेऊ नका. त्या औषधानं आक्काचं लिव्हर बिघडलं. तिचं ऑपरेशन तेव्हाच व्हायचं होतं, ते त्यामुळं राहिलं. म्हाताऱ्याची चूक नाही. गाठ आहे हे मी त्याच्यापासून लपवलं आणि औषध दिलंय हे डॉक्टरांपासून लपवलं. तुम्ही सरळ कोल्हापूरला न्या. मी बरोबर येतो."

मांडवात कुणीतरी पत्रावळी गोळा करत होतं, ते थांबलं.

दाजींना समजायला वेळ लागला. ते माझ्याकडं बघत होते, जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून बघितलं होतं तसंच, पण आता त्या बघण्यात विश्वास नव्हता. "तिला ठावं हुतं?"

"हो."

"कवापासनं?"

"डॉक्टरांना सांगितलं त्या दिवसापासनं."

"आनि मला न्हाय."

"तीच म्हणाली, तुम्हाला सांगू नको."

"ती म्हणली," दाजी म्हणाले, "आनि तू गप बसलास." एवढ्या वर्षांत त्यांनी मला अरे-तुरे केलं नव्हतं. मी वयानं लहान असूनही केलं नव्हतं. ते उठले, धोतर झटकलं आणि गोठ्याकडं गेले. त्यांच्या मागं जायचं माझं धाडस झालं नाही.

तो माणूस भावाला घेऊन कोल्हापूरला आला. मी दवाखान्यात गेलो होतो. त्याच्या भावाचं काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याचं लिव्हरचं दुखणं आधीच फार पुढं गेलेलं होतं.

माझी बायको दर रविवारी दाजींना फोन करते. ते तिच्याशी बोलतात. कुठली म्हैस व्याली, पाऊस किती झाला, भाकरी कोण करून देतं, सगळं सांगतात. एखाद्या वेळी हसतातही, ते मला पलीकडून ऐकू येतं. मग ती म्हणते, थांबा, ह्यांच्याकडं देते. मी फोन कानाला लावतो आणि म्हणतो, दाजी, कसं आहे?

"बरं हाय," ते म्हणतात. "धारा काढायच्या राहिल्यात." आणि फोन ठेवतात.

भर दुपारीसुद्धा ते हेच सांगतात.